छंद विकायलाच हवा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छंदातून घरबसल्या कमाई कशी करायची यावर हल्ली पुरवणीत सारखं काहीतरी येतं. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी जरूर करावं, पण दुसरी बाजूही छापा म्हणून हे पत्र.

मी नौपाड्यात राहतो, नोकरी करतो आणि शाळेत असल्यापासून दिवाळीला घरी आकाशकंदील करतो, बाबांनी शिकवला तोच. 24 सारख्या कामट्या घ्यायच्या, त्यांचे 6 चौकोन करायचे आणि कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधत गेलं की मधे आपोआप 8 त्रिकोण तयार होतात, ते होताना बघायला मला अजूनही भारी वाटतं. मग मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, पतंगाचा कागद, झिरमिळ्या. एका कंदिलाला तीन-चार संध्याकाळी जातात आणि जाऊ देत.

2019 ला मेव्हणे म्हणाले, एवढे सुंदर करतोस तर विक की. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले आणि 40 ऑर्डरी आल्या, म्हणजे 960 कामट्या. त्या वर्षी दिवाळी आली तरी पाऊस जात नव्हता, खळ वाळेना, कागद सैल पडायचा, टेबलफॅन लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचो आणि सकाळी परत लोकल. मुलगी तेव्हा पहिलीत होती, मदतीला बसली, एक कागद वाकडा चिकटला तर मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडलो की ती उठून आत गेली. माझ्या लहानपणी बाबांनी माझे कितीतरी वाकडे कागद तसेच गॅलरीत टांगलेत हो. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण आमच्या स्वतःच्या खिडकीत त्या दिवाळीला जांभळी नाक्यावरून आणलेला प्लॅस्टिकचा कंदील लागला.

तेव्हापासून विकत नाही. पाच-सहा करतो, एक घरी, बाकीचे ज्यांना द्यावेसे वाटतात त्यांना. तरी कोणी बघितला की पहिला प्रश्न, रेट काय? नाही विकत म्हटलं की लोकांना वाटतं भाव खातोय, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण कौतुक करायची दुसरी पद्धतच आपण विसरत चाललोय.

मुलगी पुढची दोन वर्षं खळीला हात लावत नव्हती. यंदा स्वतःहून म्हणाली, माझा वेगळा करायचा, पोपटी आणि राणी रंगाचा. कामट्या तासून ठेवल्यात. कागद तीच चिकटवणार आहे.

आपला नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)