ऑनर्सला थांबायचं? आधी आपला विभाग पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक सध्या एकाच विचारात दिसतात. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं, की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची? चौथ्या वर्षाची ही सोय देणारं नवं शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं. त्यामुळे या वाटेने आधी गेलेलं, ज्याला विचारावं असं माणूसच बहुतेकांना भेटत नाही. मग ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. कुणी म्हणतं वर्ष फुकट जाईल, कुणी म्हणतं आता ऑनर्सशिवाय पदवीला विचारणार कोण. मी निवृत्त प्राध्यापिका आहे आणि मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

वर्ष फुकट जातं का, ते आधी पाहू. ज्याला पुढे एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. करायचंच आहे त्याचं काही जात नाही. तीन वर्षांची पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांची घेतली तर एका वर्षाचं. दोन्हीकडून बेरीज पाचच. शिवाय कोणतं शिक्षण कोणत्या पातळीचं हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत ऑनर्सचं चौथं वर्ष आणि दोन वर्षांच्या एम.ए.चं पहिलं वर्ष एकाच पातळीवर धरलं आहे. म्हणजे अभ्यासाची उंची तीच. वर्ग कोणत्या इमारतीत भरणार आणि मधेच शिक्षण थांबलं तर हातात कोणता कागद पडणार, एवढाच फरक.

ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे त्याचं गणित वेगळं. एमपीएससी असो वा यूपीएससी, पदवी लागते आणि तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवीच आहे. अशा मुलाने निव्वळ नावापुढे ऑनर्स लागावं म्हणून वर्षभर थांबण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. घरी कमावणाऱ्या हाताची वाट पाहिली जात असेल, तर मुळीच नाही.

ऑनर्सचेही दोन प्रकार आहेत, आणि पालकांच्या बोलण्यात नेमकी इथेच गल्लत होते. एक साधी ऑनर्स, दुसरी 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि १२ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचं एकक) संशोधन प्रकल्प करावा लागतो. साध्या ऑनर्सला त्या प्रकल्पाऐवजी जादा पेपर. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असले, तर एम.ए. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं दारही अशा विद्यार्थ्यांना उघडलं आहे. संशोधनाची खरी ओढ असलेल्याला हे मोठंच आहे. अमेरिकेत शिकायला जायचं असेल तर तिथल्या अनेक विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, ती अटही चौथ्या वर्षाने पुरी होते. मात्र प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर सावध राहावं. यूजीसीच्याच २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी मागितली आहे. प्रवेशाचा नियम आणि नोकरीचा नियम एकाच वेळी बदलतील असं आपल्याकडे कुणी गृहीत धरू नये. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि पुढच्याच वर्षी मागे घेतला. मधल्या मध्ये अडकली ती त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलं.

पण माझ्या मते या सगळ्याहून मोठा प्रश्न आपल्या महाविद्यालयातल्या विभागाचा आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायची तर विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, ग्रंथालय, नियतकालिकं आणि प्रयोगशाळा हवी, असं यूजीसीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आता आपापल्या तालुक्याच्या महाविद्यालयाकडे पाहा. वर्षानुवर्षं भरती रखडलेली. कित्येक विभागांत एक कायम प्राध्यापक, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. ही तासिकेवरची माणसं अनेकदा उत्तम शिकवतात, जीव तोडून शिकवतात. पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर वर्षभराचा प्रकल्प कसा सोपवायचा? मग व्हायचं तेच होतं. मागच्या वर्षीच्या प्रकल्पाचं मुखपृष्ठ बदलतं, झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंग होतं, व्हायवा पाच मिनिटांत आटोपते. ही तक्रार मुलांबद्दलची नाही. मार्गदर्शनच मिळालं नाही तर मूल दुसरं करणार काय?

अशा विभागात चौथं वर्ष काढण्यापेक्षा पदवी घेऊन विद्यापीठाच्या आवारात दोन वर्षांच्या एम.ए.ला जावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. नवे शिक्षक, मोठं ग्रंथालय, इतर जिल्ह्यांतून आलेली मुलं हे सगळं एकाऐवजी दोन वर्षं मिळतं. एका वर्षाच्या एम.ए.ला गेलेला विद्यार्थी तिथे रुळेपर्यंत परीक्षा दारात उभी असते.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. परगावी राहून शिकायला घरून परवानगीच नसलेल्या मुली. एम.ए.साठी शहरात वसतिगृहात राहते म्हटलं की ज्यांच्या घरी शिक्षणाचा विषय संपतो आणि स्थळांचा सुरू होतो, त्यांच्यासाठी त्याच गावातलं, त्याच एसटीच्या पासावरचं चौथं वर्ष हा खरा लाभ आहे. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाचं अर्धं अंतर घराजवळच कापून होतं आणि मग 'आता एकच वर्ष राहिलंय' असं वडिलांना सांगता येतं. अशी मुलगी साध्या ऑनर्सला थांबली तरी मी तिला थांब असंच म्हणेन, विभाग कसाही असो.

बाकीच्यांनी अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन सरळ विचारावं. आमच्या विषयात मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण आहेत, एकेकाकडे किती मुलं देणार, ते वर्षभर इथेच आहेत ना? विभाग संशोधन केंद्र आहे का? चौथ्या वर्षाचे कोणते पेपर प्रत्यक्ष शिकवले जाणार आणि कोणते नुसते पुस्तिकेत छापलेले? मागच्या प्रकल्पांतले दोन-तीन काढून दाखवा म्हणावं. विचारायला संकोच वाटला तर वडिलांना किंवा काकांना सोबत न्यावं, पण विचारावं.

खरं तर हे विचारायची वेळच मुलांवर येऊ नये. महाविद्यालयांनी सहाव्या सत्राचा निकाल लागण्याआधी विभागवार ही माहिती सूचनाफलकावर लावावी आणि ज्या विभागात दोन मार्गदर्शक नाहीत तिथे संशोधनासह ऑनर्सचे अर्ज घेऊच नयेत. विद्यापीठांनी आतापासून तशी लेखी विचारणा प्राचार्यांकडे करावी, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका