आईचे हात

जर्सी सिटी, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

काल न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले होते. तिथल्या एका चित्रासमोरून पाय निघेना. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून पत्र.

चित्रकाराचं नाव आर्शिल गॉर्की. तेव्हाच्या ऑटोमन तुर्कस्तानातल्या व्हान सरोवराकाठचा आर्मेनियन मुलगा. वडील आधीच अमेरिकेला गेलेले. त्यांना पाठवायला म्हणून 1912 साली आईने त्याला शेजारी उभं करून फोटो काढून घेतला. 1915 मध्ये आर्मेनियनांच्या कत्तली सुरू झाल्या आणि मायलेकरं पायी आजच्या आर्मेनियातल्या येरेवान शहराकडे निघाली. तिथे 1919 मध्ये आई उपासमारीने गेली, पोराच्या डोळ्यांदेखत. पुढच्याच वर्षी तो बहिणीबरोबर अमेरिकेत उतरला. मूळचं वोस्तानिक अदोयान हे नावसुद्धा त्याने टाकलं. मला नाही त्याला दोष द्यावासा वाटत.

पण तो फोटो त्याने सोडला नाही. तोच समोर ठेवून त्याने दोन मोठी चित्रं केली. काल पाहिलेलं त्यातलं एक. 1926 च्या सुमारास घेतलं, ते दहा वर्षं चालू होतं. रंग खडखडीत वाळला की न्हाणीघरात नेऊन ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचा, पुन्हा चढवायचा. तिचा चेहरा हस्तिदंतासारखा गुळगुळीत झालाय. फोटोत तिच्या एप्रनवर फुलं आहेत, चित्रात ती नाहीत. आणि हात पुरे केलेलेच नाहीत गं, आई. मांडीवर नुसते दोन पांढरट गोळे. दहा वर्षं घालवली, पण हात तसेच ठेवले.

परतताना गाडीत तुझे हात आठवत बसले. विळीने कापल्याची खूण अंगठ्यावर की शेजारच्या बोटावर, काही केल्या सांगता येईना. बाबा, तुमच्या नखांतली छापखान्याची शाई आठवली, तिचा वासही आठवला. नखं कशी होती ते नाही. त्याच हातांनी ओव्हरटाइम करून माझी फी भरलीत. आता नऊ वर्षं व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरे दिसतात, तेही कपाळापासून नाकापर्यंत.

दादाला सांगून दोघांचा एक फोटो काढा आणि छापून पोस्टाने पाठवा. दोघं खुर्चीत बसा, हात मांडीवर ठेवा. आई, पदराखाली घेऊ नकोस.

तुमची,
छकुली