वरंध्याने उतरा, आंबेनळीने चढा : भोरच्या एका निवृत्त एसटी चालकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

भोरहून वरंधा घाटाने कोकणात उतरायचे, महाड-पोलादपूर करून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे आणि पाचगणी, वाई, मांढरदेवीमार्गे पुन्हा भोरला यायचे, ही आमची सायकलफेरी या हिवाळ्यात सुखरूप पार पडली. त्याचे बहुतांश श्रेय आपले आहे. आपले आभार समोरासमोर मानले, तर ‘त्यात काय एवढे’ म्हणून आपण विषय बदलाल, हे आम्ही ओळखून आहोत. शिवाय आपण जे सांगितले ते या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराच्या उपयोगाचे आहे. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहोत.

आमच्या मनात फेरी उलट दिशेने करायची होती. मोबाइलवरच्या नकाशात अंतर दोन्हीकडून तेवढेच दिसते आणि चढाची बेरीजही तेवढीच येते. आपण मात्र वहीची पाने फाडून घाट काढून दाखवलेत आणि विचारलेत, ‘ऊन कुठल्या अंगाला असेल, ते बघितलेत का?’ सह्याद्रीची कोकणाकडची उतरण पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी बराच वेळ डोंगराची सावली रस्त्यावर राहते. वाईकडच्या उतारावर तशी सावली तिसऱ्या प्रहरानंतर पडते. तेव्हा आंबेनळी सकाळी चढावा आणि पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणीचा घाट दुपार कलल्यावर उतरावा, हे आपले गणित इतके साधे होते की ते आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते याचेच आश्चर्य वाटले. पोलादपूर समुद्रसपाटीच्या थोडेच वर आहे आणि महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर. मधले अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी तीसेक मीटर चढ. मागे सामानाच्या पिशव्या लावलेली सायकल हा चढ सावलीत चढते तेव्हा श्रम होतात, पण जीव घाबरा होत नाही. उन्हात तोच चढ अंगावर आला असता.

उताराबद्दल आपण जे सांगितलेत, त्यासाठी विशेष आभार मानायला हवेत. एसटीच्या चालकाचा नियम, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा सायकलला लागू पडत नाही, कारण सायकलला रोखून धरणारे इंजिन नसते. आपण तेवढ्यावर थांबला नाहीत. सतत दाबलेल्या ब्रेकने गाडीचे ड्रम तापतात, तशीच सायकलची रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून ब्रेक धरून ठेवू नका, वळण दिसताच त्याच्या आधी वेग कमी करा आणि वळणात ब्रेक सैल सोडा, हे आपण हाताने स्टिअरिंग फिरवल्यासारखे करून समजावलेत. आंधळ्या वळणावर डाव्या बाजूला राहणे, चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणे, रस्त्यावर नुकतीच पडलेली माती दिसली तर कड्याखाली न थांबणे, हेही त्यातच आले. वरंध्यात वाघजाईच्या देवळाच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि खडीचे पट्टे लागतात, तिथे आमच्यातले सगळ्यात नवखे स्वार आपले शब्द मोठ्याने म्हणत उतरत होते.

भोरपासून नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता हिरडस मावळातून जातो, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. बांदलांचा हा मुलूख, एवढीच नोंद घेऊन आम्ही पुढे गेलो असतो. आपण मात्र बजावलेत की वाघजाईच्या देवळापाशी नुसता चहा घेऊन निघू नका, देवळाच्या वरच्या अंगाला कातळात खोदलेली पाण्याची टाकी बघा आणि मग रस्त्याकडे बघा. तसे पाहिल्यावर ध्यानात येते की आपण कावळ्या किल्ल्यातच उभे आहोत आणि आजचा डांबरी रस्ता त्या किल्ल्याचे दोन भाग करून गेला आहे. घाटावर नजर ठेवण्यासाठी किल्ला आणि किल्ल्यावरच्या माणसांसाठी टाकी, हा संबंध गाडीच्या खिडकीतून निसटून जातो. दम खात उभ्या राहिलेल्या स्वाराला तो पुरता कळतो, कारण तोही त्या क्षणी पाणीच शोधत असतो.

महाडला आपल्या सांगण्यावरून एक पूर्ण दिवस दिला. चवदार तळ्यावर, जिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, सकाळी बराच वेळ बसलो. रायगड हा चालत पाहण्याचा गड असून त्याला स्वतंत्र सवड काढावी, हे आपले म्हणणे मानून तो यावेळी ठेवून दिला. सावित्री नदीवरच्या नव्या पुलावर मात्र आवर्जून उतरलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. आपण ते सांगताना आवाज न चढवता बोललात, परंतु आपल्याच खात्यातल्या माणसांबद्दल आपण बोलत होता, हे आम्हाला कळत होते. आम्ही कठड्याशी सायकली टेकवून उभे राहिलो आणि आपल्या वतीनेही नमस्कार केला. महाड तालुक्यातल्या तळिये गावाच्या दिशेनेही हात जोडले. जुलै २०२१ मध्ये तिथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात या दोन्ही घाटांच्या वाटेला जाऊ नका, हे आपण इतक्या निक्षून का सांगितलेत, ते तिथे उमगले.

आंबेनळीचा दिवस सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मोलाचा ठरला. हा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून वर चढतो आणि त्याच सावित्रीचा उगम वर क्षेत्र महाबळेश्वरी, कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री यांच्यासोबत, पंचगंगेच्या देवळात मानला जातो. पुलावर जिचे पात्र पाहिले त्याच नदीच्या उगमापर्यंत पायांच्या बळावर जाता येते, ही गोष्ट आपण सुचवली नसती तर आमच्या लक्षात आली नसती.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो. तिथून गडावर जाण्याआधी आपण आम्हाला खाली पार गावाकडे पाठवलेत, आणि तिथे कोयनेवरचा, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल पाहायला लावलात. अजूनही वापरात असलेल्या त्या पुलावरून सायकल हातात धरून चालत गेलो. अफजलखान वाईहून निघून महाबळेश्वराच्या डोंगरावरून रडतोंडीच्या घाटाने याच पारच्या बाजूला उतरला होता. पुलाजवळ उभे राहून वर पाहिले की चहूकडे डोंगराच्या भिंती दिसतात. घोडे, हत्ती आणि तोफा घेऊन इथे उतरलेल्या फौजेला परत फिरायला वाट कशी उरली नसेल, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. जावळी १६५६ मध्ये घेतल्यावर महाराजांनी भोरप्याच्या डोंगरावर हा प्रतापगड का बांधला आणि १० नोव्हेंबर १६५९ ची भेट याच गडाच्या पायथ्याशी का ठरली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या जागेनेच दिली. पुढे महाबळेश्वर, पाचगणी, वाई असा आमचा रस्ता ढोबळमानाने खानाच्या वाटेच्या उलट गेला. आपण सुचवलेल्या दिशेचा हाही एक लाभ.

वाईला मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेच्या घाटावरची, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा पाहिली. मांढरदेवीचा चढ आपण म्हणालात तसाच खडा निघाला. पौष पौर्णिमेच्या यात्रेचे दिवस टाळण्याची सूचनाही योग्य होती, कारण त्या गर्दीत सायकलला जागा मिळणे कठीण.

आपण आयुष्यभर ज्या घाटांतून माणसे सुखरूप पोहोचवलीत, त्या घाटांचे ज्ञान आम्हा परक्यांना घरात बसवून, चहा पाजून, कसलाही हिशेब न मांडता दिलेत. किल्ल्यांची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. रस्त्याची माहिती अशी मिळत नाही. आमच्या मते घाटातून सायकलने जाऊ पाहणाऱ्याने नकाशाच्या आधी त्या घाटात वर्षानुवर्षे गाडी हाकलेल्या माणसाला गाठावे.

आपण दिलेल्या पानांवर आम्ही पाण्याच्या जागा, खराब झालेले पट्टे आणि दुरुस्ती चालू असलेली वळणे शाईने भरली आहेत. आपली परवानगी असेल, तर या पानांच्या प्रती काढून पुढे या वाटेने जाणाऱ्यांना देऊ इच्छितो. आपले नाव त्यावर घालायचे की नाही, ते आपणच कळवावे. पारच्या पुलाची जी छायाचित्रे आपण मागितली होती, ती सोबत पाठवत आहोत.

काकूंना आमचा नमस्कार सांगावा.

आपले ऋणी,
पुण्याचे सायकलस्वार