नाणेघाटाला सायकलने जायचं तर

पुणे, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

जुन्नर ते नाणेघाट आणि परत, हे डिसेंबरात एका दिवसात होईल का आणि तुझी जुनी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) त्याला पुरेल का, असं तू विचारलंस. दोन्हींचं उत्तर हो. एका बाजूचं अंतर साधारण 30 किलोमीटर आहे. सलग मोठा घाट नाही, पण खोऱ्यातला रस्ता सतत चढतो-उतरतो आणि ते छोटे चढच पायातला दम काढतात. आखणीत एक गोष्ट मात्र उलटी कर. बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात आणि उरलेल्या वेळात देऊळ-लेणी बसवतात. मग नाणेघाटात पोचल्यावर दहा मिनिटांत फोटो काढून परतावं लागतं. तू आधी बघण्याचा वेळ काढून ठेव आणि राहिलेल्या वेळात सायकल बसव.

डिसेंबरात तिकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. साडेचारला जुन्नरात परत असायचं असं धर, म्हणजे दीड तास हाताशी राहतो. अंधाराची ही काळजी नुसती खड्ड्यांसाठी नाही. जुन्नर तालुक्यात बिबटे उसात राहतात, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांची हालचाल जास्त असते. तेव्हा पूर्ण उजाडल्यावर निघायचं आणि अंधार पडायच्या आत यायचं, यात तडजोड नको. सातला निघालास आणि ताशी 12 किलोमीटरचा वेग धरलास तर जायला अडीच तास. वाटेत कुकडेश्वरला 40 मिनिटं. म्हणजे सव्वादहाच्या आसपास नाणेघाट. तिथे दोन तास, मग तासभर जेवण आणि सावलीत पाठ टेकणं. दीड वाजता काहीही झालं तरी सायकल पूर्वेकडे वळवायची. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. जाताना तो पाठीवर असल्यामुळे आपण फार जोरात आहोत असं वाटतं, आणि येताना तोच तोंडावर घ्यावा लागतो. म्हणून परतीला अडीचऐवजी तीन तास धरले आहेत.

रस्ता असा: जुन्नर, आपटाळे, चावंड, पूर गावचं कुकडेश्वर देऊळ, घाटघर, नाणेघाट. माणिकडोह धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं. चावंड किल्ला वाटेत भुरळ घालेल. वर कोरलेल्या टाक्या आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. पण किल्ला चढायला घेतलास तर नाणेघाटाचे दोन तास तिथेच जातील, त्यामुळे तो वेगळ्या दिवसासाठी ठेव. कुकडेश्वराला मात्र थांबच. कुकडी नदीचा उगम तिथला मानतात. देऊळ जुनं, शिलाहारकालीन समजलं जाणारं, दगडावरचं कोरीवकाम जवळून बघण्यासारखं. पायांनाही तो थांबा नेमका हवा तिथे येतो.

डांबर बऱ्याच ठिकाणी आहे, पण कडा तुटलेल्या असतात, आणि घाटघरच्या पुढे पठारावर मुरूम आणि सुटे दगड लागतात. रस्त्याच्या बाजूने गाडीवाटा फुटतात. त्यांवर जायला मजा येते, पण भाताच्या खाचरांच्या बांधावरून सायकल कधीच घालायची नाही. बांध फुटला की पुढच्या पावसात पाणी टिकत नाही. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, हिरडा गोळा करणं हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग. अंगणात हिरडा वाळत घातलेला दिसला तर त्यावरून चाक जाणार नाही एवढं बघ. वाट विचारायला लाजू नको. घरासमोरचा माणूस जे सांगतो ते मोबाइलच्या नकाशाहून ताजं असतं. नकाशा आधीच उतरवून ठेव, रेंज सगळीकडे मिळेल असं धरू नको.

आता सायकल. तुझी तीन गुणिले आठ गिअरची (पुढे तीन, मागे आठ चक्र्या) आहे, त्याची लाज वाटून घेऊ नको, या रस्त्याला ती उत्तम. पुढे 22 दात आणि मागे 32 दात असताना 29 इंची चाक पॅडलच्या एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर सरकतं. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी साडेपाच-सहा किलोमीटर. म्हणजे चालण्यापेक्षा थोडा जास्त, पण श्वास ताब्यात राहतो. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाक. चढावर जोर लावत असताना टाकलास तर चेन दातांवर नीट बसत नाही आणि ताणाखाली तुटूही शकते. छोटी पुढची आणि सर्वांत छोटी मागची चक्री एकत्र वापरू नको. चेन तिरकी चालते, घासते, लवकर झिजते.

निघण्याच्या दहा दिवस आधी चार गोष्टी बघ. चेनची झीज मोजणारी पट्टी 0.75 दाखवत असेल तर चेन बदल. आणखी वापरलीस तर मागची चक्रीही सोबत जाईल, आणि नवी चेन जुन्या झिजलेल्या दातांवर घसरते. दुसरं, ब्रेक पॅडचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर नवे टाक आणि उतारावर पंधरा-वीस वेळा हळूहळू दाबून बसवून घे. तिसरं, मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी. सायकल त्या बाजूला एकदा जरी पडली असेल तर तो वाकलेला असू शकतो, आणि मग कितीही केबल फिरवली तरी गिअर उडतच राहतात. पाठीमागून बघ, डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या आणि मागची चक्री एका रेषेत दिसल्या पाहिजेत. चौथं, ब्रेकच्या डिस्कचे टी-25 (तारेच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू घट्ट आहेत ना. हे बहुतेक जण विसरतात आणि मग घरातला साधा षटकोनी पाना चालत नाही.

हवा हा मुद्दा मोठा आहे. ट्यूब असेल आणि तुझं वजन सत्तरच्या आसपास असेल तर 2.1 इंची टायरला मागे 36 आणि पुढे 33 पीएसआय ठेव. डांबरावर भरभर जायला 50 भरावीशी वाटेल, पण मुरमावर तेवढ्या कडक टायरची पकड उरत नाही. उलट 25 वर आणलीस तर खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. एक छिद्र असेल तर काटा. तेव्हा ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरव. बाभळीचं टोक आत राहिलं तर नवीही ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर होते. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, दोन टायर लिव्हर, चेन तोडायची सोय असलेला मल्टीटूल, आठ गिअरच्या चेनचीच क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), एक हँगर, चार केबल टाय. तुझ्या व्हॉल्वचा प्रकार आणि पंपाचं तोंड घरीच जुळवून बघ. जुन्नर सोडल्यावर डिस्क ब्रेकच्या सायकलीचं सामान मिळणार नाही, असंच धरून चल.

मुरमाच्या उतारावर सीट दोन-तीन बोटं खाली घे आणि वजन मागे ठेव. पुढचा ब्रेक हलकेच, तोही चाक सरळ असताना. वळणात दाबलास तर सुटे खडे चाकाखाली गोळ्यांसारखे फिरतात आणि पुढचं चाक निसटतं. वेग वळणाआधीच कमी करायचा.

पाणी तीन लिटर, मीठ-साखर घातलेलं निम्मं. दर पाऊण तासाला काहीतरी खात जा: खजूर, शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळं. भूक लागल्यावर खाऊन उपयोग नाही, तोपर्यंत पाय रिकामे झालेले असतात. परतल्यावर जुन्नरात मासवडी आणि भाकरी मिळाली तर सोडू नको.

नाणेघाटाच्या माथ्यावर सायकल कुलूप लावून ठेव. दगडी पायवाटेवर ती न्यायची नाही, ती सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट आहे. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. क्लीटवाले (पॅडलला अडकणारे) बूट घालू नको, गुळगुळीत दगडावर ते घसरतात. साधी सपाट पॅडल आणि पकड असलेले बूट आण. माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण दिसेल, जकातीचा म्हणून तो सांगितला जातो. थोडं खाली उतरलं की लेणं. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांची ती मोजदाद. त्यातले अंक आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरलेल्या अंकांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वरती नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं वाचता येतात. टॉर्च समोरून मारू नको, भिंतीला लागून तिरपा धर, मग अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ओळ उमटते. अक्षरांवर पाणी किंवा खडू लावायचा नाही, बोटही नको. याच दोन तासांसाठी बाकी सगळी उठाठेव आहे, म्हणून घाई करू नको.

दुसऱ्या दिवशी पाय साथ देत असतील तर शिवनेरी बघ, किंवा तुळजा लेण्यांतलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह). शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी माथा शांत असतो.

तुझा,
श्रीधर

ता. क.: गाडीत घालताना चाकं काढशील तेव्हा ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाल. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन जवळ येतात आणि पॅड इतके चिकटतात की जुन्नरात डिस्क आत जात नाही. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असलेली सायकल उलटी ठेवून नेली असशील तर निघण्याआधी लिव्हर वीस वेळा दाबून बघ. मऊ लागला तर तेलात हवा आहे, त्या दिवशी उतारावर जाऊ नको.