सूचना : सड्यावरची पानगळ टिपताना

सभासदहो, रविवारी पहाटे सव्वासहाला सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) वाटेवर जमायचे. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, पण धुके दरीतून वर चढते ते त्याआधीच. काटेसावर आता निष्पर्ण आहे, पांगाराही उघडा पडत चाललाय. सागाची पाने मात्र अजून अर्धवट लोंबताहेत, त्यामुळे साग फेब्रुवारीअखेर बघू.

उजळ आभाळासमोर फांद्या काळ्या पडतात, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर आभाळच मोजतो. खोडाचा पोत, सावरीचे काटे दिसायला हवे असतील तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ ठेवा. नुसती आकृतीच हवी असेल तर उलट −१. एफ/८ (लेन्सचे छिद्र), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड. पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असला तर बारीक डहाळ्या हलतात आणि टोके पुसट येतात. अशा वेळी आयएसओ ४०० करून शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. दोन फांद्या एकमेकींवर चढून गुंता दिसला, तर झूम फिरवत बसू नका, दोन पावले बाजूला सरका.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर लेन्सची काच धुरकटेल. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. किनाऱ्यावर जाऊन आलात तर काचेवरचे खारे कण कोरड्या कपड्याने घासू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग किंचित ओला मायक्रोफायबर.

वाटेतल्या कलमांना मोहोर आहे. बागायतदाराला विचारल्याशिवाय गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत पाऊल नको. सुके गवत आहे, त्यामुळे विडी-काडी घरीच ठेवा.