तुझं ते पत्र अजून आहे का?

सोलापूर, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. आठ वर्षं झाली. या काळात दोनदा फोन झाला, तोही कुणीतरी गेल्यावर. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. माझी साखर थोडी वाढली होती, आता आटोक्यात आहे. वहिनींना नमस्कार सांग.

कोटणीस स्मारकातल्या कार्यक्रमात मला अर्धा तास बोलायचंय. चीनला गेलेल्या डॉक्टर कोटणीसांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून म्हटलं आपण चिनी कम्युनिस्टांच्या ज्या आठव्या रूट सैन्यात ते होते, त्याच्या सेनापतींवर बोलावं. साहजिकच पेंग देहुआई काढला. आठवतं ना, पार्क मैदानाच्या कठड्यावर बसून किती भांडलोय आपण? तू सेनापती चू तेहचा, मी पेंगचा. तू म्हणायचास, नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागवले ते चू तेहने, तुझा पेंग नुसता लढवय्या. मी १९४० ची 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' तोंडावर फेकायचो. उपसेनापती पेंगने जपान्यांचे रेल्वेमार्ग उखडले, आणि त्याच मोहिमेतल्या जखमींवर आपले कोटणीस शस्त्रक्रिया करत होते! एकदा तू रागाने माझ्या सायकलची हवा सोडलीस आणि मी सात रस्त्यापर्यंत ती ढकलत नेली. त्याचा हिशोब अजून बाकी आहे.

पण गेले पंधरा दिवस वाचतोय आणि मन लढायांत लागतच नाही. कोरियाचं युद्ध, मार्शलपद, सगळं पानापानांनी पुढे जातं. मी अडकलोय त्याच्या लहानपणाशी.

हुनानमधलं गाव. आई वारलेली, बाप आजारी. नव्या वर्षाच्या दिवशी घरात दाणा नाही, म्हणून तो धाकट्या भावाला घेऊन भीक मागायला निघाला. त्या दिवशी दारात आलेल्या पोराला लोक विचारत, "तू लक्ष्मी घेऊन आलेलं पोर ना?" हो म्हणायचं, शकुन होतो, ताटात काही पडतं. एका दारी पेंगने सांगितलं, "नाही, आम्ही भिकारी आहोत." भाऊ मात्र लगेच "हो" म्हणाला. अर्धी वाटी भात आणि मांसाचा एक लहानसा तुकडा मिळाला. दुसऱ्या दिवशी पेंग गेलाच नाही. सत्तरी ओलांडलेली आजी, लहानपणी बांधून खुजी केलेल्या पावलांनी, धाकट्यांना घेऊन थंडीत निघाली आणि हा रानात लाकडं तोडायला गेला. संध्याकाळी तिने आणलेला भात त्याच्या घशाखाली उतरेना. हे सगळं त्याने म्हातारपणी कैदेत, चौकशी करणाऱ्यांसाठी लिहिलंय बंडू. मारझोड करणाऱ्यांना तो आजीची गोष्ट सांगत होता.

आता लुशान. १९५८ मध्ये माओची 'मोठी झेप' सुरू झाली. परसात भट्ट्या लावून लोखंड वितळवायचं, घरची भांडीसुद्धा त्यात टाकायची. पेंग संरक्षणमंत्री होता. वर्षाअखेरीस गावी गेला तेव्हा त्याने पाहिलं, तरुण माणसं भट्ट्यांवर आणि पीक शेतात पडलेलं. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या डोंगरावर पक्षाची बैठक भरली. माओशी समोरासमोर बोलावं म्हणून तो गेला, तर शरीररक्षक म्हणाला, आत्ताच झोपलेत. म्हणून पत्र लिहिलं. १४ जुलैला. खाजगी पत्र. निम्मं पत्र तर झेपेचं कौतुकच आहे! जुन्या कथेतल्या चांग फेईसारखा मी साधा माणूस, त्याचा रांगडेपणा माझ्यात आहे, बारकावा नाही, असंही त्याने त्यात लिहिलं. १६ तारखेला माओने ते छापून सगळ्यांना वाटलं. २३ तारखेला भर सभेत त्याच्यावर तुटून पडले.

छापून वाटलं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं.

तुझं पत्रही खाजगीच होतं. आपल्या संस्थेच्या इमारत निधीचा हिशोब लागत नाही, शांतपणे बसून बघू, एवढंच. अध्यक्षांनी ते वार्षिक सभेत मोठ्याने वाचलं आणि वर म्हणाले, संस्थेच्या पाठीत सुरा. आदल्या रात्री तू माझ्या ओट्यावर बसून मला ते पत्र वाचून दाखवलं होतंस. मी म्हणालो होतो, "शब्द न् शब्द बरोबर आहे, दे." दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होतो. तू एकदा मागे वळून पाहिलंस. मी हातातला अहवाल वाचत राहिलो.

लुशानलाही बहुतेकांनी हेच केलं. बोलले ते ह्वांग कचंग, चौ शियाओचौ, आणि चांग वेनथियान, तो तर तीन तास बोलला. पेंगबरोबर तिघांचीही पदं गेली. आणि तुझा चू तेह! त्याने जमेल तेवढं सौम्य, सांभाळून बोलून पाहिलं. माओने पाय उचलून दाखवला, बुटावरून खाजवतोयस म्हणाले, म्हणजे टीका लागतच नाही. म्हातारा लाल झाला आणि गप्प बसला. तरुणपणी मी याच्यावरून तुझ्या चू तेहला मऊ म्हणायचो. माझे शब्द मागे घेतो. त्याने तोंड तरी उघडलं. मी तेवढंही केलं नाही.

पेंग काही देव नव्हता, हेही वाचलंय. १९५८ मध्ये लिऊ बोछंगसारख्या जुन्या सेनापतीला सभेत झोडपणाऱ्यांत तोच पुढे होता. पण त्याची शिक्षा त्याच्यापुरती राहिली नाही. लुशाननंतर कुणी खरं बोलेना, झेप आणखी जोरात रेटली, आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. तो स्वतः बीजिंगबाहेर भाजी पिकवत राहिला, १९६६ च्या अखेरीस माओच्या रेड गार्ड तरुणांच्या हाती लागला, १९७४ मध्ये कॅन्सरने गेला. अस्थी चेंगदूला पाठवल्या त्या खोट्या नावाने. वांग छुआन, वय ३२. तो ७६ वर्षांचा होता रे. नाव परत मिळालं १९७८ च्या डिसेंबरात.

मुलीचं पुण्याचं नक्की झालं का? तुझ्या गुडघ्याचं काय? आंबे यंदा तरी आले का कोकणातून? लिही.

पुढच्या महिन्यात संस्थेची सभा आहे. तुझं पत्र मी तिथे पुन्हा वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, आणि आदल्या रात्री मी काय म्हणालो होतो तेही सांगणार आहे. तू यावंस असं म्हणत नाही. माझ्याकडे प्रत नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव, पोस्टानेच पाठव.

तुझा,
दिगू