दादा, पुढची ट्यूब आणण्याआधी

पॅरिस

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. फोनवर विषय काढला की “अगं, गजकर्ण आहे, अख्ख्या गावाला झालंय” म्हणून तू उडवून लावतोस, म्हणून लिहायला बसले. गजकर्ण असेलही, बहुतेकदा तेच निघतं. पण दोन-तीन वर्षं मेडिकलमधून मलम आणायचं, लावलं की बरं वाटायचं आणि सोडलं की चट्टे परत, हे मला पटत नाही. तुझ्या ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलंय, म्हणजे तीव्र स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, मूळ आजार मात्र ओळखू येईनासा होतो.

माझ्या मनात जी शंका आहे ती सरळच सांगते. मायकोसिस फंगॉइडिस नावाचा एक लिम्फोमा असतो. टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा हा कर्करोग कातडीतच सुरू होतो. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. इथल्याच सेंट-लुई रुग्णालयातल्या अलिबेर यांनी 1806 मध्ये एका रुग्णाच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी पाहिल्या, त्यावरून हे नाव पडलं. पण गाठी ही फार पुढची अवस्था. आधी चट्टे, मग जाडसर चकत्या, मग गाठी, हा क्रम 1870 मध्ये तिथल्याच डॉक्टर बाझँ यांनी मांडला. त्या रुग्णालयातल्या संग्रहालयात त्वचारोगांच्या मेणाच्या प्रतिकृती कपाटांतून मांडल्या आहेत. त्यांच्यापुढे उभं राहिलं की कळतं, नुसत्या नजरेने इसब, सोरायसिस आणि हा आजार वेगळे करणं किती अवघड आहे. माणसं वर्षानुवर्षं इसबाचीच औषधं घेत राहतात आणि यात दरवेळी डॉक्टरांचा दोष असतोच असं नाही. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा नक्की सांगता येत नाही.

मला खटकली ती चट्ट्यांची जागा. कंबर, कुल्ले, मांड्यांचा वरचा भाग. ऊन न लागणाऱ्या जागीच हा आजार बहुधा सुरू होतो. गजकर्णही तिथेच होतं, पण त्याची कडा सहसा उठलेली असते. तुझे चट्टे सपाट आहेत, कातडी पातळ, सुरकुतल्यासारखी दिसते आणि दोन ठिकाणी रंग उडालाय. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हा आजार कधी कधी फिकट डागांच्या रूपातच येतो आणि लोक त्याला कोड किंवा शिबं समजतात. अर्थात स्टिरॉइडनेही कातडी पातळ होते, रंग जातो. म्हणून फोटोवरून मी निदान करणार नाही.

तू एवढं कर. मलम आजपासून बंद. दोन-चार आठवड्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाज वाढेल, साधं खोबरेल लाव. ते आधी खरवडून बुरशी पाहतील. ती नसली तर बायोप्सी करा म्हणावं, शक्यतो दोन जागांची. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो. पहिल्या रिपोर्टमध्ये काही निघालं नाही आणि चट्टे तसेच राहिले, तर पुन्हा करावी लागते. तुकडा तपासल्याशिवाय कुणी सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू करू म्हणालं, तर आधी मला फोन कर. लिम्फोमा असेल तर ती त्याला बळ देऊ शकते.

ताप, वजन घटणं, काखेत किंवा जांघेत गाठ, अंगभर लाली, यातलं काहीही दिसलं तर आठवडेही थांबू नकोस.

कॅन्सर शब्द वाचून वहिनी रडेल, म्हणून तिला हे नक्की वाचून दाखव: चट्ट्यांच्या अवस्थेत, थोड्याच कातडीवर असताना कळलं तर बहुतेकांचं आयुष्य जवळपास इतरांएवढंच असतं. तेव्हा उपचारही कातडीपुरते असतात, मलम किंवा अतिनील किरणांचा शेक. त्यात स्टिरॉइडचं मलमही येतं, पण निदान झाल्यावर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

रिपोर्ट आला की सगळी पानं पाठव, नुसती शेवटची ओळ पाठवू नकोस. आईला इतक्यात काही सांगू नकोस, तिच्याशी मी बोलेन.

तुझी,
मनू